अपघात झालेला १६ वर्षं जुना पिकअप दुरुस्त करावा की दुसरा घ्यावा?

गॅरेजवाल्याने गाडीच्या किमतीच्या ७० टक्के खर्च सांगितला म्हणून ती भंगारात काढू नका, आणि गेल्याच वर्षी इंजिनकाम केलंय म्हणून दुरुस्तही करू नका. तुमच्या प्रश्नात हीच दोन कारणं समोरासमोर उभी आहेत, आणि निर्णयाला दोन्ही अपुरी आहेत. तुम्ही लिहिलंय की गाडी पुढून, ड्रायव्हरच्या बाजूने बसली, बॉनेट, मडगार्ड, रेडिएटर गेले, त्या बाजूचं चाक थोडं मागे सरकलं, एअरबॅग उघडल्या नाहीत, आणि विम्यातून तुमच्या गाडीसाठी काही मिळणार नाही. यातलं मला खटकलं ते फक्त चाक. बाकीचं बोल्ट काढून बदलता येतं.

बरीच वर्षं अपघाती गाड्यांची एस्टिमेटं काढल्यामुळे पत्र्याकडे सगळ्यात शेवटी बघायची सवय लागली आहे. बहुतेक कारमध्ये बॉडी हाच सांगाडा असतो. जुन्या पिकअपमध्ये मात्र खाली शिडीसारखी वेगळी चॅसिस असते, दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर. केबिन आणि हौदा तिच्यावर वेगवेगळे बोल्टने बसवलेले असतात. त्यामुळे चेपलेला हौदा अख्खा उतरवून दुसऱ्या गाडीचा चढवता येतो, मडगार्ड-बॉनेट तर किरकोळच. पण म्हणूनच डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. बघवणार नाही अशी ठोकलेली गाडी खाली सरळ निघते, आणि नवा रंग मारून चकाचक केलेल्या गाडीचा एक दांडा दुसऱ्याच्या मागे सरकलेला असतो.

चाक मागे जाण्याची तीन कारणं असू शकतात, आणि खर्चात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असतील तर त्यांना ॲक्सलवर जागेवर ठेवणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल पाट्यांवरून सरकलेला असू शकतो, म्हणजे काम स्वस्तात सुटलं. चाकाला चॅसिसशी जोडणारा लोअर आर्म किंवा त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट वाकला असेल तर सुटे भाग बदलून, टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) आणि स्टीअरिंग तपासून, अलाइनमेंट करून विषय संपतो. तिसरं कारण म्हणजे आर्म किंवा पाटा जिथे बसतो ती चॅसिसवरची जागाच मागे गेली आहे. तसं असेल तर ७० टक्क्यांचा आकडा विसरा, तो वाढणारच.

हे ओळखायला मोठं मशीन लागतंच असं नाही. गाडी सपाट फरशीवर उभी करा. चॅसिसच्या दोन्ही दांड्यांवर समोरासमोरची, कारखान्यातूनच आलेली भोकं निवडा, एक जोडी पुढे आणि एक मागे. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा. मग गाडी ढकलून बाजूला घ्या आणि खुणांमधले दोन्ही कर्ण टेपने मोजा. चार-पाच मिलिमीटरचा फरक घरच्या मापात येतोच. बोटभर फरक आला तर चॅसिस तिरकी झाली आहे. केबिन आणि हौदा यांच्यामधली फटही बघा. ती खाली अरुंद आणि वर रुंद, किंवा उलटी दिसत असेल आणि अपघाताआधी तशी नव्हती, तर चॅसिस मधोमध वाकल्याची शंका घ्यायला जागा आहे. दरवाजे पूर्वीसारखे लागत नसतील तर केबिनचे खांब तपासायला सांगा. तिथे वाकलं असेल तर तो प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो.

वाकलेली चॅसिस बेंचवर, म्हणजे गाडी घट्ट धरणाऱ्या लोखंडी चौकटीवर, बांधून, हायड्रॉलिकने ओढून सरळ करता येते, आणि चांगला कारागीर ती नीट करतोही. पण गॅस वेल्डिंगची ज्योत लावून लाल करतो आणि मग ठोकून सरळ करतो असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. जास्त ताकदीचं पोलाद असं तापवल्यावर कमजोर पडतं, आणि गाडी सरळ दिसूनही पुढच्या धडकेत नको तिथे दुमडते. ओढल्यानंतर रिपिटांभोवती आणि भोकांच्या कडांना तडे गेलेत का, हेही बघावं लागतं.

आता गंज. १६ वर्षांच्या गाडीत हा धडकेपेक्षा मोठा शत्रू असू शकतो. मागच्या ॲक्सलच्या वरचा भाग, पाट्यांचे हँगर आणि चिखल साचून राहतो त्या जागा हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर माझं मत स्पष्ट आहे: अशा चॅसिसवर एक पैसाही घालू नये. ओढताना ती जिथे गंजली आहे तिथेच फाटते.

चॅसिस सरळ आणि घट्ट निघाली तरच पैशांचा हिशेब मांडा. तो बहुतेक लोक चुकीचा मांडतात, कारण दुरुस्तीचा खर्च ते गाडीच्या बाजारभावाशी ताडतात. ताडायचा तो दुसरी गाडी दारात आणून वापरण्याजोगी करण्याच्या खर्चाशी. समजा, अपघाताआधी गाडीची किंमत १०० होती. दुरुस्ती ७०, उघडल्यावर निघणारं आणखी काम १५, नाहीतरी करायचे असलेले टायर वगैरे १०, म्हणजे ९५. दुसरीकडे तशीच गाडी १००, नाव बदलणं आणि कर मिळून ८, पहिल्या काही महिन्यांत तिच्यावर होणारी डागडुजी १५, एकूण १२३. त्यातून तुमच्या ठोकलेल्या गाडीचे २५ आले तर ९८. आकडे माझे, मनाने धरलेले. तुमचे घालून बघा. ७० टक्के ऐकून जी गाडी गेल्यात जमा वाटत होती, ती इथे बरोबरीत आली.

इंजिनकामाचा पैसा या हिशेबात धरू नका, तो खर्च होऊन गेला. दुसऱ्या गाडीला तेच काम लवकर करावं लागेल का, एवढाच भाग खरा, आणि तो डागडुजीच्या आकड्यात घाला. वर्षभरात गाडी विकायचा विचार असेल तर मात्र दुरुस्ती बहुधा तोट्यातच जाते, कारण अपघाती गाडीला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. अजून पाच-सहा वर्षं स्वतः वापरणार असाल तर तो तोटा मनावर घेऊ नका. गाडीवर धंदा चालत असेल तर किती दिवस उभी राहील हेही लिहून घ्या. जुन्या मॉडेलचा एखादा भाग मिळेपर्यंत काम आठवडेच्या आठवडे अडतं.

एस्टिमेट पुन्हा मागा, पण पुढचा भाग खोलल्यानंतरचं आणि दोन भागांत: गाडी सुरक्षित चालायला लागणारं काम वेगळं, दिसण्यासाठीचं वेगळं. बाहेरून काढलेल्या एस्टिमेटमध्ये तुटलेलं इंजिन माउंटिंग, एसीचा कंडेन्सर, चॅसिसला लागून जाणारे ब्रेकचे पाइप, ताणली गेलेली वायरिंग हे सहसा नसतं. एअरबॅग उघडल्या नाहीत हे तुमचं नशीब, नाहीतर बॅग, सेन्सर, सीटबेल्ट आवळणारे टेन्शनर आणि डॅशबोर्ड यांनीच जुन्या गाडीचा निकाल लावला असता. सीटबेल्ट मात्र पूर्ण ओढून बघा. ताणून पीळ पडला असेल किंवा अडकत असेल तर नवाच घाला, भंगारातला नको.

दुसरी गाडी बघायला जाल तेव्हा टेप आणि ओळंबा घेऊन जा. तीही कोणीतरी ठोकून, रंगवून विकायला काढलेली असू शकते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर काहीतरी झाकलंय असं समजा.

आणि निर्णय होईपर्यंत इंजिन चालू करून बघू नका. रेडिएटर फुटलेला असताना इंजिन थोडा वेळ चाललं तरी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, जाऊ शकतं, आणि मागे ढकलला गेलेला रेडिएटर पंख्यात अडकतो. गाडी तशीच विकायची वेळ आली तर इंजिन चांगलं असल्याचा भाव मिळतो, तो तरी हातात राहू द्या.