दुखऱ्या गुडघ्याचा कागद

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू जे विचारलेस त्याचे उत्तर फोनवरच देता आले असते. पण तुझा बेत ऐकून मला राग आला, आणि रागाने सांगितलेले तू मनावर घेत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मला समजले ते असे. ऑब्स्टॅकल कोर्सवर उडी घेताना तुझा उजवा गुडघा मुरगळला, सेक्शनमधल्या दोघांनी तुला हात देऊन उभे केले, पण तू एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, पायरी चढला नाहीस. क्रेप बँडेज आवळून आणि गोळ्या खाऊन धावत राहिलास. सुट्टीवर आल्यावर खाजगी दवाखान्यात एमआरआय काढला, त्यात लिगामेंट फाटल्याचे निघाले, आणि आता तुझ्या मनात असे आहे की इथेच गुपचूप ऑपरेशन उरकावे, त्या डॉक्टरांकडून विश्रांतीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि युनिटला दुसरेच काही कळवावे. अग्निवीर म्हणून तुझे तिसरे वर्ष चालू आहे, चार वर्षांनंतर ज्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करतात त्यांत तुला यायचे आहे, आणि कागदावर गुडघा आला की नाव कटले, असे तुला बराकीतल्या कोणी तरी सांगितले आहे.

तुझी भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कायमची लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे प्रकृतीचा खालचा दर्जा, लागली तर पुढे ठेवून घेतले जाण्याची आशा सोडावी लागते. पण कॅटेगरी आधी तात्पुरती लागते, उपचार होतात, पुन्हा वैद्यकीय बोर्ड बसतो आणि माणूस शेप-वनमध्ये, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीच्या दर्जात, परतही येतो. अशी धडधाकट परतलेली मुले मी माझ्या लष्करी नोकरीत स्वतः पाहिली आहेत. फाटलेले लिगामेंट मात्र धावण्याच्या चाचणीत लपत नाही, आणि ऑपरेशनचे टाके लष्करी डॉक्टरच्या नजरेतून सुटत नाहीत. तेव्हा गुडघा लपवून तुझे नाव यादीत राहील हा हिशोबच चुकीचा आहे. लपवून एवढेच होईल की दुखापत तुझ्याजवळ राहील आणि तिचा कागद कोणाकडेच नसेल.

माझे सांगणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: कागद करून घे. लष्करात दुखापतीची नोंद आयएएफवाय-२००६ या फॉर्मवर होते. एका भागात डॉक्टर दुखापत काय आहे आणि ती किती गंभीर आहे ते लिहितो. दुसऱ्या भागात कमांडिंग ऑफिसर जवान त्या वेळी ड्यूटीवर होता की नव्हता आणि दोष कोणाचा, यावर मत देऊन सही करतो. ज्यांनी पाहिले त्यांचे जबाब सोबत लागतात, आणि दुखापतीने कायमचे अपंगत्व येण्याचा संभव असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसते. ‘ऑन ड्यूटी’ हे दोन शब्द त्या रकान्यात पडले की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी अग्निवीराला प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरलेले आहे, पण ते ‘सेवेमुळे’ हे सिद्ध करणारा पहिला कागद हाच. आमच्यासारख्यांना निदान पेन्शन मिळाली, माजी सैनिकांच्या उपचाराचे ईसीएचएस कार्ड मिळाले. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला यातले काहीच नाही, म्हणजे कागदाची गरज तुला आमच्यापेक्षा जास्त आहे, आणि नेमका तूच तो टाळतो आहेस!

आमच्या युनिटमध्ये नायक हुद्द्याचा एक जवान होता, हॉकीचा उत्तम खेळाडू. युनिटच्या अधिकृत सामन्यात पडून त्याची कंबर धरली. संघटित खेळ नियमाने ड्यूटीतच मोडतो, म्हणून मी फॉर्म घेऊन त्याच्या मागे लागलो, तर तो हसून म्हणाला, “साहेब, एवढ्याशा दुखण्याचा काय कागद करायचा?” पुढे कंबरदुखी वाढतच गेली आणि निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने विचारले की ही दुखापत कधीची, त्याची नोंद कुठे आहे. नोंद नव्हती. निकाल आला ‘एनएएनए’, म्हणजे सेवेमुळे झालेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही. अपंगत्वाची पेन्शन गेली. मी त्याच्यापुढे हात टेकायला नको होते असे आजही वाटते. पण सही त्याची लागत होती आणि ती जबरदस्तीने घेता येत नव्हती.

त्यानंतर मात्र मी कोणाचेच ऐकले नाही. मी हेड क्लार्क होतो. अर्धवट भरलेला फॉर्म माझ्या टेबलावरून पुढे जात नसे. तारीख नाही, वेळ नाही, साक्षीदाराचा नंबर नाही, की फॉर्म कंपनीला परत. यामुळे मला ‘कागदी किडा’ म्हणत, काही अधिकारीही वैतागत, आणि माझ्या अहवालात कधीतरी ‘अनावश्यक काटेकोर’ असा शेराही पडला. पडू दे. ज्यांनी त्या काळात शिव्या दिल्या त्यांतले कितीतरी जण पुढे त्याच कागदाची झेरॉक्स मागायला माझ्या दारात आले आणि मी ती दिली. काटेकोरपणा अनावश्यक होता की नव्हता हे त्यांना विचारावे.

कोर्टाचा भरवसा मला सांगू नकोस. सिग्नल कोरच्या धर्मवीर सिंह या शिपायाला फिट्सच्या आजारामुळे १९९४ साली घरी पाठवले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला २०१३ साली. तोही कशामुळे? भरतीच्या वेळच्या कागदांत आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे लिहिली नव्हती, यामुळे. म्हणजे तिथेही कागदच जिंकला. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून या बाबतीतले नियम नव्याने आले आहेत, त्यामुळे जुना निकाल खिशात आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

आता रजा आणि पगाराचे. तुझी वार्षिक सुट्टी ३० दिवसांची. आजारपणाची रजा त्याहून वेगळी आणि ती वैद्यकीय सल्ल्यावरच मिळते. खाजगी डॉक्टरने ‘सहा आठवडे विश्रांती’ असे लिहून दिले म्हणजे रजा मंजूर झाली, असे होत नाही. मंजुरी येईपर्यंत तू सुट्टी उलटवलेला माणूस असतोस, आणि सबळ कारणाशिवाय तसे करणे हा आर्मी ॲक्टच्या कलम ३९ खाली गुन्हा आहे. गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा पगार कलम ९१ प्रमाणे कापला जातो. याउलट एमएचमध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयात, दाखल होऊन उपचार घेणाऱ्या जवानाचा पगार त्यामुळे बंद होत नाही. तिसऱ्या वर्षी तुझे ३६,५०० रुपये, त्यातले ३० टक्के सेवा निधीत जमा. खाजगी ऑपरेशनचा खर्च तू यातूनच भागवणार ना? जे एमएचमध्ये विनामूल्य होते, त्याच्यासाठी वडिलांना कर्ज काढायला लावण्यात कसला शहाणपणा? तातडीची वेळ नसताना, कोणी पाठवले नसताना केलेल्या खाजगी उपचाराचे बिल कोणी भरून देणार नाही.

‘कामचोर म्हणतील’ असेही तू म्हणालास. म्हणू देत. कलम ४६ आजाराचे सोंग करणाऱ्यासाठी आहे, आणि तुझ्याजवळ तर एमआरआयची फिल्म आहे. गंमत म्हणजे त्याच कलमात मुद्दाम बरे होणे लांबवणाऱ्यालाही दोषी धरले आहे, हे गोळ्या खाऊन धावणाऱ्यांनी एकदा वाचावे.

आता लगेच करायचे ते असे. आजच वहीत लिहून काढ: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या अडथळ्यावर, प्रशिक्षण कोण देत होते, आणि उचलणारे ते दोघे कोण. जे घडले तेवढेच लिही, एक शब्दही वाढवू नकोस. मग कंपनी सीनियर जेसीओंना, म्हणजे सुभेदारसाहेबांना, फोन करून खरे सांग. चालता येत असेल तर सुट्टी संपण्याची वाट न पाहता जवळच्या एमएचमध्ये ओळखपत्र, लीव्ह सर्टिफिकेट आणि एमआरआय घेऊन जा. मूळ रिपोर्ट दाखव, पण झेरॉक्स केल्याशिवाय हातातून सोडू नकोस. इंजुरी रिपोर्टला उशीर झाला आहे, त्याबद्दल बोलणी बसतील, ती ऐकून घे. उशिराचा रिपोर्ट कमकुवत असतो, पण नसलेल्या रिपोर्टपेक्षा कधीही बरा. ऑपरेशननंतर सिक लीव्ह मिळाली तर ती संपल्यावर आधी तपासणीसाठी एमएच गाठायचे आहे की थेट युनिट, हे डिस्चार्ज स्लिपवर वाचूनच बाहेर पड. दाखल झाल्याची, सुटल्याची आणि सिक लीव्हची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीचा आदेश, निघाली का, हे क्लार्कला विचार; तो वैतागला तरी विचार.

आईला एवढ्यात काही सांगितले नसशील तर आता सांग. एमएचमध्ये दाखल होताना घरचा पत्ता आणि फोन विचारतात, तिला ते बाहेरून कळायला नको. ऑर्डरचा नंबर मिळाला की मला कळव.

तुझा,
काका