लातूरला नीटचा क्लास अन् बॅगेत प्लास्टिकचं सैन्य

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा अकरावीला, पीसीबी घेऊन लातूरला नीटच्या क्लासला, दिवाळीला जालन्याला घरी आला तर बॅगेत पुस्तकांच्या खाली एक डबा निघाला, त्यात बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, काही रंगवलेले काही तसेच, बारीक ब्रश, आणि एक दोनशे पानी वही जिच्यात कुठल्यातरी नसलेल्या ग्रहावरच्या पलटणीचा इतिहास लिहिलेला. पैसे मेसच्या खर्चातून वाचवले म्हणाला. फिजिक्सचे मार्क घसरलेत, त्याचे पप्पा म्हणायलेत डबा पेटवून द्या, आणि तुम्ही विचारलंय, "सर, लेकरू वाया चाललंय का यात काही करिअर असतंय?"

डबा पेटवू नका, हे सगळ्यात आधी सांगतो. त्यात त्याचे कित्येक रविवार गेलेले असतात आणि ते जाळले तर तो अभ्यास वाढवणार नाही, फक्त तुमच्याशी बोलणं कमी करेल, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता हे आहे काय ते सांगतो म्हणजे पप्पांनाही सांगता येईल. याला टेबलटॉप वॉरगेम म्हणतात. टेबलावर रणभूमी मांडायची, टेपने इंच मोजून सैन्य पुढं न्यायचं, फासे टाकून मारामारीचा निकाल लावायचा. प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात 1824 च्या सुमाराला राइसविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने असाच खेळ नियमांसकट बसवला आणि तिथल्या ऑफिसरांना लढाई शिकवायला तो वापरायचे, त्यामुळं बाहुल्यांचा खेळ म्हणून उडवून लावण्यासारखं काही नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा खेळतोय तो वॉरहॅमर 40,000 असावा. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा, 1987 ला आलेला. एकेचाळिसाव्या सहस्रकातलं विश्व, माणसांचं एक भलंमोठं, सडत चाललेलं साम्राज्य, सिंहासनावर धड जिवंत ना धड मेलेला सम्राट, आणि चहूबाजूंनी युद्ध. या विश्वाचं वैशिष्ट्य असं की कंपनीने मुद्दाम जागा मोकळ्या सोडल्यात, खेळणाऱ्याने आपली पलटण, तिचा रंग, तिचा इतिहास स्वतः रचायचा. ती वही म्हणजे तेच आहे, घाबरून जाऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. "वॉरगेमिंग" या नावाची नोकरी आपल्याकडं धरून चालू नका. कंपनी नॉटिंगहॅमला आहे, तिथली मोजकी पदं जगभरची माणसं मागतात, त्याच्या भरवशावर बारावीनंतरचं प्लॅनिंग करणं बरोबर नाही. लोकांचे सैनिक रंगवून देऊन पैसे घेणारे कलाकार आहेत, पण त्याच्यावर घर चालवायचं म्हणलं तर तो आधार फार कच्चा. हे मी पोरासमोरसुद्धा असंच सांगेन.

पण ताई, मला त्या डब्यापेक्षा त्याचा वेळ कुठं जातो ते महत्त्वाचं वाटतं, कारण या एका छंदात चार-पाच वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येक पोराला त्यातलं एकच खरं ओढतं. कुणी तासन् तास चेहऱ्यावरची सावली रंगवत बसतं. कुणाला रंगाचा कंटाळा, पण पुट्टीने सैनिकाला नवा हात घडवायचा म्हणलं की जेवण विसरतं. कुणाला फक्त गोष्ट. आणि कुणी फाशांचा हिशोब करतं: दहा फासे टाकले, तीन किंवा वर पडलं तर नेम लागला म्हणजे सरासरी साडेसहा, त्यातले चार किंवा वर पडलेले जखमी म्हणजे तीन-साडेतीन, मग समोरच्याच्या चिलखताने किती वाचले, हे सगळं डोक्यात करून ठरवायचं की हल्ला करायचा का थांबायचं. ही संभाव्यता आहे, शाळेत ज्या धड्याला पोरं पळतात तीच.

म्हणून आधी ती वही त्याच्या परवानगीने वाचा, रागात नाही. नुसत्या कथा आहेत का नकाशे आहेत, का त्याने नियम खोडून स्वतःचे लिहिलेत, ते बघा. त्याला विचारा की मोकळे दोन तास मिळाले तर डब्यातलं आधी काय काढशील.

चेहरे-रंग असेल तर चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली होती का बघा, कलेच्या पदवीसाठी राज्याची वेगळी सीईटी असते आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, घरापासून तासा-दीड तासावर. घडवण्याची ओढ असेल तर कॉम्प्युटरवर ब्लेंडर हे थ्रीडी आकार घडवायचं सॉफ्टवेअर टाकून द्या, फुकट आहे, आजकाल मिनिएचर म्हणजे असले छोटे सैनिक आधी त्यातच किंवा तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये घडवतात आणि तेच कौशल्य व्हिडिओ गेम, ॲनिमेशन, प्रॉडक्ट डिझाइन सगळीकडं लागतं. फाशांचा हिशोब आवडत असेल तर मात्र मला एक काळजी आहे, लातूरला पीसीबीवाली पोरं गणित सोडून देतात, त्याने सोडलं असेल तर स्टॅटिस्टिक्स आणि डेटाकडचे बरेच रस्ते बारावीलाच बंद होतात, हे आत्ताच कॉलेजात विचारून घ्या. आणि नियम बनवायचं वेड असेल तर ते गेम डिझाइन, आपल्या देशात ते रीतसर शिकायला मिळतं, एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला टॉय अँड गेम डिझाइनचं एमडेस, म्हणजे डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण, आहे. त्याच्या आधी कुठलीतरी चांगली पदवी लागेलच.

यातलं नेमकं काय ते कळायला एक काम सांगतो, कुठल्याही ॲप्टिट्यूड टेस्टपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. तुमच्याच जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात असई आहे. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. मराठे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधे, तोफा शंभराच्या आसपास, आणि वेलस्लीकडं माणसं फारच कमी. वाटाडे म्हणाले नदी ओलांडायला जवळ उतार नाही, वेलस्लीने बघितलं की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर गावं आहेत, म्हणजे लोक कुठूनतरी ये-जा करतच असणार, आणि तिथूनच फौज पार केली. मराठ्यांच्या कवायती पलटणींनीही त्याच्या दिशेला तोंड वळवून नवी फळी धरली आणि त्याचं भयंकर नुकसान केलं. जगभरचे वॉरगेमर ही लढाई टेबलावर मांडतात. पोराला एक दिवस तिथं घेऊन जा, नदीकाठी उभं करा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत या लढाईचा खेळ चार पानी नियमांत बसवायला सांगा. सैनिक विकत घ्यायचे नाहीत, पुठ्ठ्याचे चौकोन चालतील. मग तो खेळ त्याच्या मावसभावंडांना द्या आणि हा समोर नसताना फक्त नियम वाचून त्यांना खेळता येतो का बघा. आला, आणि अडलेल्या जागा हा परत बसून दुरुस्त करायला लागला, तर तुमच्या घरात डिझाइनर आहे असं समजा. नियम अर्धवट सोडून नकाशाच रंगवत बसला तर तेही उत्तरच आहे. आठवड्यात कंटाळला तर तो छंद आहे, छंद म्हणून राहू द्या, डॉक्टर झाल्यावरही रंगवेल.

दोन गोष्टींत मात्र कडक रहा. रूमवर दार लावून प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, स्प्रे मारायचा नाही, आणि उद्या थ्रीडी प्रिंटर, त्यात लागणारं रेझिन म्हणू लागला तर हातमोजे आणि उघडी खिडकी पाहिजेच, ते रसायन अंगाला चांगलं नाही. दुसरं, कंपनीच्या सैनिकांची नक्कल छापून विकायची नाही, पोरं पैशाला भुलतात आणि तो सरळ कॉपीराइटचा भंग आहे. पैशाचं म्हणाल तर महिन्याची एक रक्कम ठरवून उघडपणे द्या, मेसच्या पैशातून पुन्हा नको, उपाशी राहून रंग घेणारी पोरं असतात.

मार्कांचं मी हलकं घेत नाही. पण फिजिक्स एकट्या डब्यामुळं पडलं असेल असं वाटत नाही, रूमवर एकटं राहणं, झोप, क्लासचा वेग, तेही विचारा.

पप्पांना एवढं सांगा की आत्ता नीट सोडायची गरजच नाही. बीडेस म्हणजे डिझाइनच्या पदवीची युसीड ही प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेच्या पोराला देता येते, ती साधारण जानेवारीत असते आणि नीट मे महिन्यात, त्यामुळं बारावीच्या वर्षी दोन्ही बसतात. युसीडचे फॉर्म ऑक्टोबरच्या आसपास सुटतात, त्यात चित्र काढायचा एक भाग असतो, आणि सलग दोन वर्षं ती देता येते. एनआयडीचा फॉर्मही त्याच सुमाराला बघत रहा. त्याने असईचा खेळ पूर्ण केला तर ते नियम मला पाठवा, वाचून सविस्तर कळवतो.