शहर चुकलं तर?

"ताई, एवढं सगळं सोडून जायचं, आणि शहरच चुकलं तर?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला फार जणांनी विचारलाय. पूर्वी बडोद्यातून परदेशी जाणारी मुलं बहुतेक शिकायला जात. विद्यापीठ ठरलं की शहर आपोआप ठरायचं. आता तिशी-पस्तिशीतली लेकुरवाळी जोडपी नोकरीवर जातात, आणि कधी कधी एकाच वेळी दोन शहरांतून बोलावणं येतं. शेजारीपाजारी पेढे मागतात आणि घरात मात्र कुणाला झोप नसते.

त्यातल्याच एका जोडप्याबद्दल लिहितेय. दोघांनी परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो ट्रान्सफॉर्मरचं डिझाईन करणारा इंजिनीअर. ती फिजिओथेरपिस्ट, आठ वर्षं हॉस्पिटलात गुडघ्याचे आणि कंबरेचे पेशंट बघणारी. मुलगी अडीच वर्षांची. घर दांडिया बाजारात, सासू-सासरे बरोबर. जर्मनीतल्या दोन कंपन्यांनी त्याला होकार कळवला होता, एक म्युनिकची आणि एक ड्रेस्डेनची. म्युनिकचा पगार जास्त होता. उत्तर द्यायला दोन आठवडे मिळाले होते आणि माझ्याकडे सल्ल्याला आले तेव्हा त्यातले अकरा दिवस संपले होते. जेवायला वाढण्यापुरतं सोडलं, तर चार दिवस एकमेकांशी बोलणं नव्हतं.

त्यानं पिशवीतून एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. तेवीस ओळींचा तक्ता. पगार, कर कापून हातात येणारी रक्कम, घरभाडं, विमानतळ, हवा, भारतीय किराण्याची दुकानं, क्रिकेटचा क्लबसुद्धा. हिरवे, पिवळे, लाल चौकोन. खाली बेरीज होती: म्युनिक ७८, ड्रेस्डेन ७६. रात्र रात्र जागून केलेलं काम होतं ते, आणि ते त्यानं घराच्या काळजीपोटी केलं होतं, हे मला आधी बोलून दाखवावंसं वाटलं. मी ते बोलले. त्याचे डोळे भरून आले.

ती त्या कागदाकडे बघतच नव्हती. उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातानं चोळत बसली होती. वर्षानुवर्षं लोकांच्या पाठी दाबून तिच्या अंगठ्याचं पेर जाड झालेलं होतं.

तक्ता करणाऱ्यांना मी कधी अडवत नाही. पण तक्त्यात प्रत्येक ओळ सारख्याच उंचीची असते. क्रिकेट क्लबची ओळ आणि पोरीला दिवसभर कोण सांभाळणार ही ओळ, दोन्हींना तेवढीच जागा. शिवाय पगाराच्या ओळीत बहुतेक जण युरोला रुपयांनी गुणतात आणि तो आकडा बघून छाती फुगते. जर्मनीत मिळालेला युरो जर्मनीतच खर्च व्हायचा असतो. भाडंसुद्धा तिथं दोन तऱ्हांनी सांगतात. 'थंड' भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. त्यात हीटिंग, पाणी वगैरे धरलं की 'गरम'. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती रिकामी खोली असते. ओटा, शेगडी, कपाटं भाडेकरूनं बसवायची. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत मागू शकतात. आणि म्युनिक हे घरभाड्याच्या बाबतीत जर्मनीतलं सगळ्यात महाग मोठं शहर. हे सगळं त्याला ठाऊक होतं, तक्त्यात होतं. तरी बेरजेत दोनच गुणांचा फरक पडत होता, आणि तेवढ्या फरकावर घर हलवायला त्याचं मन धजत नव्हतं.

मी दोघांना एकेक कोरा कागद दिला. म्हटलं, "नोव्हेंबरातला एक मंगळवार लिहा. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत, तासातासाला. आधी म्युनिकचा, मग ड्रेस्डेनचा. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही."

मंगळवारच का, असं लोक विचारतात. परदेशातलं शहर डोळ्यांपुढे आणलं की माणसाला सुट्टीचा दिवस दिसतो. नदीकाठ, राजवाडा, बर्फात खेळणारं पोर. पण राहायचं असतं ते मंगळवारी. आणि नोव्हेंबर अशासाठी, की उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊलाही उजेड असतो आणि कुठलंही शहर गोड वाटतं. नोव्हेंबर संपता संपता ड्रेस्डेनला दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो.

वीस मिनिटं पंख्याचा आवाज तेवढा होता.

त्याचे दोन्ही मंगळवार भरगच्च. सातला ट्रेन, आठला ऑफिस, मीटिंगा, साडेबाराला कँटीन, पाचला परत, मुलीला घेऊन बागेत, जेवण.

तिचा कागद मी अजून विसरलेले नाही. पेशंटच्या फाइलवर लिहितात तसं बारीक, सुबक अक्षर. ७ - डबा. ७.४५ - तो जाईल. ८.३० - छोटीचं दूध, आंघोळ. ९ - . त्यापुढे आडव्या रेघेखेरीज काही नव्हतं. दहा, अकरा, बारा, सगळे आकडे लिहिलेले, समोर काही नाही. मग एकदम ५.३० - तो येईल. म्युनिकच्या रकान्यात हेच आणि ड्रेस्डेनच्या रकान्यातही हेच.

त्यानं तो कागद दोनदा वाचला. म्हणाला, "अगं, पण तुला तिथं काम करता येतं. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला परवानगी असते, मी बघितलंय."

ती म्हणाली, "नोकरी करायची परवानगी आहे रे. पेशंटला हात लावायची नाही."

खरी गाठ इथं होती. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना. त्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला जर्मनीत कुठलीही नोकरी करता येते आणि व्हिसासाठी आधी जर्मन येण्याची अटही नाही. तो बरोबरच सांगत होता. पण फिजिओथेरपी तिथं नियंत्रित व्यवसाय आहे. आपली पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे असं मान्य करून घ्यावं लागतं, आणि ते काम दिल्लीसारख्या एका ठिकाणी न होता ज्या त्या राज्याच्या कार्यालयात होतं. म्युनिक बव्हेरियात, ड्रेस्डेन सॅक्सनीत. अभ्यासक्रमात कमी काही आढळलं तर परीक्षा द्यायची किंवा ठरावीक काळ देखरेखीखाली काम करायचं. आणि जर्मन भाषा साधारण बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा त्या चढत्या पायऱ्या. तिची ए-टू झालेली होती. तिला हे सगळं तीन महिन्यांपासून माहीत होतं.

"बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आनंदात खोडा घातल्यासारखं झालं असतं."

नर्स, दंतवैद्य, शिक्षिका, वकील, ज्यांच्या ज्यांच्या जोडीदाराचा व्यवसाय असा परवान्याचा आहे, त्यांनी शहराची तुलना सुरू करण्याआधी हे तपासावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. तक्त्यातल्या 'जोडीदार: काम करू शकतो' या ओळीत खूण करून लोक पुढे जातात. त्या एका खुणेखाली एका माणसाची आठ-दहा वर्षांची कमाई दबते.

त्या दिवशी मी एवढंच सांगितलं की दोन्ही कंपन्यांकडे आणखी एक आठवडा मागा. तो घाबरला. हातची संधी जाईल असं त्याला वाटत होतं. कुटुंबाचा निर्णय आहे असं सरळ लिहून वेळ मागितला तर बहुधा मिळतो. त्यालाही मिळाला.

त्या आठवड्यात दोघांनी मिळून काम केलं, आणि माझ्या मते अर्धं भांडण तिथंच मिटलं. तिनं दोन्ही राज्यांच्या कार्यालयांना पत्रं लिहिली. विद्यापीठातून विषयवार तासांचा तपशील मागवायला तो तिच्याबरोबर गेला. मुलीच्या पाळणाघराची चौकशी केली. जर्मनीत २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण हक्क असला तरी जागा रिकामी असावी लागते. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत लेकुरवाळ्या बायका सरसकट नोकरी करत, त्यामुळे तिथं पाळणाघरांची जुनी घडी बसलेली आहे. तीन वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं तिथं पाळणाघरात जातात, पश्चिमेकडे साधारण तिघांतलं एक. ड्रेस्डेन पूर्वेकडे येतं. तिच्या कागदावरची नऊ वाजताची रेघ या एका गोष्टीवर टांगलेली होती.

दुसरी गोष्ट तिनंच चाचरत काढली. "ताई, तिथं परदेशी लोकांच्या विरोधात मोर्चे निघतात म्हणे." तिची भीती पोकळ नव्हती. पेगीडा नावाची चळवळ २०१४ मध्ये ड्रेस्डेनलाच सुरू झाली आणि दर सोमवारी संध्याकाळी मोर्चे काढत राहिली. सॅक्सनीच्या २०२४ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणाऱ्या पक्षाला ३० टक्क्यांवर मतं पडली. "असं काही नसतं गं" म्हणून तिची समजूत घालणं मला अप्रामाणिक वाटलं असतं.

आपण बडोदेकरांनी तर हे कधीच विसरू नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला इथं आले. नोकरी होती. राहायला जागा कुणी देईना. पारशी विश्रामगृहात उतरले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कमाटी बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत गेले. त्या अपमानाशी आजच्या कुणाच्या घरशोधाची बरोबरी करायची नाही. पण नोकरी देणारं शहर राहूही देईलच असं धरून चालू नये, हे त्या बागेतून जाताना मला दर वेळी आठवतं.

म्हणून मी तिला सांगितलं की दोन्ही शहरांत राहणाऱ्या बायकांशी बोल. पुरुषांशी नको, आणि नुकतंच पोचलेल्यांशीही नको. दोन हिवाळे काढलेल्यांशी बोल. "शहर कसं आहे?" असं विचारलंस तर "छान आहे" एवढंच उत्तर येईल. घर मिळायला किती आठवडे लागले ते विचार. संध्याकाळी सातला एकटी ट्रामनं येतेस का, मुलाला पाळणाघरात कुणी काही बोललं का, आजारी पडलीस तेव्हा दाराशी कोण आलं, हे विचार.

तीन फोन झाले. म्युनिकच्या बाईनं सांगितलं की चार महिने ते एका सामानासकट खोलीत राहिले, मग गावाबाहेर घर मिळालं; मात्र मराठी माणसं भरपूर, गणपती दणक्यात होतो. ड्रेस्डेनच्या एकीला ट्राममध्ये एकदा एक माणूस वाईट बोलला होता, ते ती विसरलेली नव्हती. दुसरी म्हणाली, शेजारची आजी माझी पार्सलं घेऊन ठेवते आणि माझं जर्मन दुरुस्त करते.

माझा स्वतःचा कल म्युनिककडे होता. मुंबईहून थेट विमान, आपली माणसं जवळ. मी तो बोलून दाखवला नाही. राहायचं त्यांना होतं.

तिसऱ्या खेपेला तिच्या सासूबाई बरोबर आल्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "ही भाषा इथं राहून होते की तिथंच जायला लागतं?" बी-वनपर्यंत इथं होते, ती म्हणाली. "मग त्याला आधी जाऊ दे. घर बघू दे, पोरीचं नाव पाळणाघरात घालू दे. तू पाच महिने अभ्यास कर, पोरीला मी बघते." दोघांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. विमानात तिघांनी एकदमच बसायचं असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

पाच महिने बाप दूर राहणं मला सोपं वाटत नव्हतं आणि मी तसं म्हणाले. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. त्याच्या साडेबाराच्या जेवणाच्या सुट्टीला इथं पाच वाजतात, तेव्हा मुलगी झोपेतून उठून ताजीतवानी असते. रोज तीच वेळ फोनची ठरली.

ड्रेस्डेन ठरलं. म्युनिक सोडल्याची त्याला हळहळ वाटली, आणि ती वाटणं साहजिक होतं. पण तिचा मंगळवार तिथं लवकर भरेल असं दोघांनाही दिसत होतं. शिवाय ही काही साताजन्मांची गाठ नव्हे. ब्लू कार्डवर पहिल्या वर्षात नोकरी बदलताना तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, ते बदल अडवूही शकतात. वर्षानंतर ती अडचण उरत नाही. बी-वन जर्मन आलं तर २१ महिन्यांनी, अगदी ए-वन असलं तरी २७ महिन्यांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांना "चुकलं तर?" या विचारानं रात्री जाग येते, त्यांना मी हे आकडे कागदावर लिहून देते. शहर बदलताना अनामत, स्वयंपाकघर, पाळणाघराची रांग, सगळं नव्यानं करावं लागतं, खर्च होतो, मनस्ताप होतो. पण दार बंद होत नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. पाळणाघरात जागा मिळायला तिथंही चार महिने लागले. पहिल्या नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडायला लागला तेव्हा ती फोनवर रडली होती, आणि घराचं हीटर बंद पडलं होतं ते वेगळंच. मुलगी मात्र शेजारच्या आजीला 'ओमा' म्हणायला लागली होती.

गेल्या महिन्यात दुपारी बाराच्या सुमाराला तिचा फोन आला. बी-टूचा वर्ग चालू आहे, एका हॉस्पिटलनं कागद बघायला बोलावलंय, अंगठा फार दिवस रिकामा राहिल्यामुळे मऊ पडलाय, असं काय काय सांगत होती. मागून रस्त्याचा आवाज येत होता. मी मुलीबद्दल विचारायला लागले तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, ट्राम आली, ठेवते हं."