ऋतूंवरचे असे कोणते उपक्रम घ्यावेत, ज्यात वर्गातलं एकही मूल बाजूला राहणार नाही?

तुमची अडचण मी अशी समजले: पहिली ते चौथी एकाच खोलीत, एका मुलीला फक्त अगदी डोळ्याजवळ धरलेलंच दिसतं, एका मुलाला ऐकू येत नाही आणि दिवाळीनंतर ऊसतोडीची मुलं येतील ती वेगळीच. मी पुणे जिल्ह्यात दुशिक्षकी शाळेवर आहे. अशी मुलं वेगवेगळ्या वर्षी माझ्याकडेही होती, म्हणून लिहिते.

भिंतीवर चार ऋतूंचा तयार तक्ता असेल, लालभडक पानगळ आणि गाजराच्या नाकाचा बर्फाचा बाहुला असलेला, तर आधी तो काढून ठेवा. आपल्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

मग जूनमध्ये पर्जन्यमापक करा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं झालं. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तिथे खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. इथपर्यंत सगळेच करतात. मी आणखी एक केलं: दर १० मिलिमीटरवर रबरबँड चढवला आणि बांबूच्या एका काडीवर तेवढ्याच अंतरावर खाचा पाडल्या. जिला नीट दिसत नव्हतं ती काडी पाण्यात बुडवायची, ओलं कुठवर आलं ते बोटाने चाचपायची आणि आकडा सांगायची. पहिलीतली पोरं रबरबँड मोजत, तिसरीतली बेरीज करत, चौथीतली आठवड्याचा स्तंभालेख काढत. काडी तिच्यासाठी केलेली, पण महिनाभरात सगळ्यांनाच काडीनेच मोजायचं होतं. तिला वेगळी सोपी कृतिपत्रिका दिली असती तर ती खिडकीशी एकटी बसली असती. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे: काम एकच ठेवा, त्यात शिरायच्या वाटा चार ठेवा.

ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत माझी चूक झाली होती. रोजच्या हवामानासाठी मी मनानेच खुणा ठरवल्या, भुरभुर, मुसळधार, ऊन वगैरे, आणि वर्गाला शिकवल्या. नंतर विशेष शिक्षक आले आणि त्यांनी भारतीय सांकेतिक भाषेतल्या खुणा दाखवल्या. मग त्या पोराला माझ्या खुणा विसरत बसावं लागलं. तुम्ही पहिल्याच भेटीत त्यांच्याकडून वीसेक खुणा शिकून घ्या, आणि त्याच्या एकट्याला नको, अख्ख्या वर्गाला शिकवा. परिपाठात हवामान सांगायचं काम त्याला द्या.

श्रावणात रानभाज्या. आया आणि आज्यांना बोलवा, त्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात. पानं हाताळायची, वास घ्यायचा, शिजवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. टाकळा तर डोळे मिटूनही ओळखू येतो, इतका उग्र वास. त्याची पानं संध्याकाळी मिटतात, तेवढं घरी बघून यायला सांगा. फळ्यावर प्रत्येक घरातलं नाव लिहा. टाकळा, तरोटा, दोन्ही बरोबर.

सणांचं थोडक्यात. पोळ्याला मातीचे बैल सगळ्यांना जमतात, ते कराच. पण वर्गात मुसलमान मुलं असतील तर ईदचा उपयोग करून घ्या. ती दरवर्षी मागे सरकत ऋतू बदलते: रमजान ईद २०१८ मध्ये १६ जूनला, शाळा उघडताना होती; २०२५ मध्ये ३१ मार्चला. दिवाळी मात्र अधिक महिन्यामुळे थंडीच्या तोंडाशीच येते. दिनदर्शिकेवर दोन्ही शोधायला लावा, चौथीची मुलं अर्धा तास गुंततात.

थंडीतला माझा आवडता उपक्रम सावलीचा. १ मीटरची काठी उभी रोवायची आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली सुतळीने मोजायची. सुतळीला दर १० सेंटिमीटरवर गाठ, म्हणजे बोटांनीही मोजता येते. आमच्याकडे २२ डिसेंबरच्या आसपास सावली साधारण ९० सेंटिमीटर भरते आणि २१ मार्चच्या आसपास ३३. मेच्या मध्यावर तर भरदुपारी ती नाहीशीच होते, पण तेव्हा शाळेला सुट्टी!

हा उपक्रम थंडीत घेण्याचं कारण ऊसतोडीची मुलं. ती ऐन सत्रात येतात आणि चालू धडा त्यांना परका असतो. सावली मात्र सगळ्यांनाच नवी. शिवाय ती मोजण्यात पक्की असतात. एकीला वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याच्या, पेंड्यांचा हिशेब तोंडपाठ होता, वजाबाकी मांडता मात्र येत नव्हती. मग मांडणी पेंड्यांपासूनच सुरू केली. कुणाकडे दाखला नसेल तर अडवू नका, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात त्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही. आणि परत जाताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना पुढच्या शाळेत दाखवायला मिळतं ते) हातात पडलं का, ते स्वतः बघा.

कार्डाबरोबर मी सावलीची वहीही देते. त्या पेंड्यांवालीने पुढच्या दिवाळीनंतर ती परत आणली. मधल्या पानांवर गावाकडच्या सावल्या ओळीने लिहिलेल्या, वेळ मात्र एकीपुढेही नव्हती.