पहिल्या उपवासकाळात मुलांना किती ताणायचं?

अगं, तुझ्या सात वर्षांच्या मुलीचा हा पहिला उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. किती ताणायचं विचारतेस, तर तिला उपाशी ठेवू नकोस. कॅथलिक चर्चचा उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाच्या मोठ्यांना आहे, तोही राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. मांस न खाण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर. थोरल्याच्या वेळी मी कुणाला न विचारता जोर केला. संध्याकाळी पोरगा पडद्यामागे बाकरवडी खाताना सापडला, शर्टभर चुरा. चूक माझीच.

त्यापेक्षा काय सोडायचं ते तिलाच ठरवू दे. आमच्या धाकटीने शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा सोडला, पैसे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरणी कुणाला द्यायची, तेही तिनेच ठरवलं.

साधेपणाचं म्हणशील, तर कपड्यांवर भाषण नको. पुण्याच्या सिटी चर्चला मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला जाताना अंगभर नीटनेटके कपडे, एवढं पुरे. आणि ते तिच्या भावालाही लागू, बरं का! खरी नम्रता राखेच्या बुधवारच्या वाचनात आहे, बायबलमधला मत्तयचा सहावा अध्याय: उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दाखवू नकोस. धाकटी सोसायटीभर ‘मी गोळा सोडलाय’ म्हणून मिरवत होती, तेव्हा मी हेच वाचून दाखवलं. दोन दिवस फुगून बसली.

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरच्या प्रसंगांच्या प्रार्थनेची, १४ स्थानं तिला एका दमात झेपणार नाहीत. घरी तीनच घे, मेणबत्ती तिच्या हातात दे. आणि हो, कॅम्पातून महागडी सुरमई आणून ‘मांस नाही ना’ म्हणू नकोस. पोरं लगेच ओळखतात.