दिवाळीच्या सुट्टीत ६८ वर्षांच्या आईला मुंबईत लोकांसाठी काही करायचंय, काय सुचवाल?

तुम्ही लिहिलंय की आई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, दादरला राहतात, गुडघ्यांमुळे फार जिने चढवत नाहीत आणि यंदा दिवाळीत घरच्या फराळापलीकडे कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं त्यांना वाटतंय. मी परळची, वयाने त्यांच्याहून थोडी मोठीच. निवृत्तीनंतर सणासुदीला हेच करत आलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दिवाळीच्या चार दिवसांत संस्थांना वस्तू कमी पडत नाहीत, माणसं कमी पडतात. वृद्धाश्रमात लक्ष्मीपूजनाला लाडू-करंज्यांचे इतके डबे येतात की ठेवायला जागा नसते, आणि खाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना मधुमेह. त्याच दिवशी कामाच्या मावशी गावी गेलेल्या असतात, ऑफिसातले रजेवर असतात, एरवी येणारी कॉलेजची मुलं घरी असतात. म्हणून फोन करून "काय आणू?" असं विचारू नका. "या दिवसांत तुमच्याकडे कोण नसणार आहे?" असं विचारा. फराळ द्यायचाच असेल तर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास द्या, तोवर डब्यांचा ओघ आटलेला असतो.

आईंसाठी मला सगळ्यात योग्य वाटतं ते घरबसल्या करण्याचं काम: रक्तदाते जमवणं. त्यांना स्वतःला आता रक्त देता येणार नाही. आपल्याकडे रक्तदानाला ६५ वर्षांची मर्यादा आहे, पहिल्यांदाच देणाऱ्याला ६० ची. पण दाते उभे करायला वयाची अट नाही, आणि दिवाळीत त्याची फार निकड असते. लाल पेशी थंड ठेवल्या की महिनाभर टिकतात, त्यामुळे दसऱ्यानंतरच्या शिबिरातलं रक्त दिवाळीत कामी येतं. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, मात्र जेमतेम ५ दिवस टिकतात. म्हणजे कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या मुलाला भाऊबीजेला प्लेटलेट लागल्या, तर त्या त्याच आठवड्यात कुणीतरी दिलेल्या असायला हव्यात. नेमकी तेव्हा कॉलेजं आणि ऑफिसं बंद. परळला टाटा रुग्णालयात बिहार-बंगाल-आसामहून आलेल्या घरच्यांना या शहरात दाता कोण मिळवून देणार?

आई शिक्षिका होत्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचं मोठं भांडवल त्यांच्याकडे आहे. दसरा झाला की एक वही करायला सांगा. नाव, रक्तगट, आधी रक्त दिलंय का, आणि दिवाळीत मुंबईत आहे का. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. यंत्रावर प्लेटलेट देताना रक्त काढून प्लेटलेट वेगळ्या करतात आणि बाकीचं पुन्हा शरीरात सोडतात. त्यात दीड-दोन तास जातात, तेव्हा "पटकन होतं रे" असं सांगून कुणाला पाठवू नये. पण सुट्टीत माणसाकडे तेवढा वेळ असतो. बाईंचा फोन आला, "सोमवारी आहेस ना मुंबईत? नीट जेवून जा, उपाशी जाऊ नकोस," तर चाळिशीतला विद्यार्थीसुद्धा नाही म्हणत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. यादी मात्र रक्तपेढीतल्या समाजसेवा अधिकाऱ्याच्याच हाती द्यावी. रुग्णाच्या नातेवाइकांना थेट नंबर दिले की दात्यांना रात्री-अपरात्री फोन जातात आणि पुढच्या वेळी ते उचलत नाहीत.

दुसरं काम वाचनाचं. अंध मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचणं आणि रेकॉर्ड करणं. १९५२ साली स्थापन झालेली नॅब, म्हणजे अंधांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था, वरळीला आहे. दादरमध्ये अंध मुलींची कमला मेहता शाळा तर १९०० सालची. दिवाळीत शाळेच्या मुली घरी जातात, पण कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा याच सुमारास असतात आणि त्यांना वाचून दाखवणारे मित्र गावाला गेलेले असतात. फोनवर रेकॉर्ड करताना प्रत्येक धड्याची वेगळी फाइल करावी, सुरुवातीला पान क्रमांक सांगावा, नकाशा किंवा आकृती आली की "इथे आकृती आहे" म्हणून पुढे न जाता ती शब्दांत सांगावी. विशेषनामाचं स्पेलिंग एकदा म्हणावं. आवाजात नाटक नको, मुलं दुप्पट वेगाने ऐकतात. पंखा बंद ठेवा, फटाके सुरू व्हायच्या आधी सकाळीच उरका.

परीक्षेत लेखनिक व्हायची, म्हणजे अंध विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून द्यायची इच्छा असली तर नियम आधी विचारून घ्या. बऱ्याच परीक्षांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं, त्यामुळे बी.एड. झालेल्या बाई चालत नाहीत. शिवाय तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. गुडघ्यांना ते झेपेल का, बघा.

बाहेर पडायचंच असेल तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती जवळ आहेत. दोन्हीकडे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. घरापासून लांब, सणाच्या दिवशी, ओपीडी बंद. तिथे कुणीतरी बसून फॉर्म भरून द्यावा, कुठल्या दिवशी रुग्णालय उघडं आहे ते हिंदीत लिहून द्यावं, आजारी मुलासोबत चित्रं रंगवावीत. मात्र आधी परवानगी घ्यावी, थोडी जरी सर्दी असली तरी जाऊ नये, आणि मुलांच्या हातात बाहेरचा खाऊ ठेवू नये. केमोच्या काळात साधा जंतुसंसर्गही महागात पडतो. रविवारी निघायचं असेल तर लोकलचा मेगाब्लॉक पाहून घ्या, आणि लक्ष्मीपूजनाला दिवेलागणीच्या आत घरी परता, धुराचा त्रास असेल तर नक्कीच.

चौपाटीची साफसफाई मी सुचवत नाही. वाळूत वाकणं गुडघ्यांना सोसणार नाही.

आणि इमारतीतच बघा. दिवाळीत मुलं-सुना फिरायला जातात आणि एखादे काका किंवा आजी मागे एकट्या राहतात. आईंनी अशा चार-पाच घरांना रोज सकाळी ठरलेल्या वेळी फोन करावा. कुणी दोनदा फोन उचलला नाही तर वॉचमनला वर पाठवावं. त्या घराची जादा किल्ली कुणाकडे आहे, मुलाचा नंबर काय आणि कुठल्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, हे सुट्टी लागण्याआधीच लिहून घ्यावं. ज्येष्ठांच्या मदतीसाठी असलेला १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाच्या फोनजवळ चिकटवावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची पोलिस ठाण्यात नोंद होते. ती राहिली असेल तर वसुबारसेच्या आत करून टाकावी.