‘सई’ हे नाव कुठून आले?

प्रश्न : आमच्या नातीचे नाव ‘सई’ ठेवावे असे मुला-सुनेच्या मनात आहे. बारसे तोंडावर आले असताना व्याही म्हणतात की हे साईबाबांच्या नावाचेच रूप आहे, तर जाऊबाईंच्या मते तो कागदावरच्या ‘सही’चा अपभ्रंश आहे. कृपया उलगडा करावा.
– एक आजी, नाशिक

उत्तर : दोन्ही तर्क सोडून द्यावेत. ‘सई’ म्हणजे मैत्रीण. संस्कृत ‘सखी’ शब्दातल्या ‘ख’चा महाराष्ट्री प्राकृतात ‘ह’ होऊन ‘सही’ झाले आणि पुढे मराठीत तो हकारही गळून ‘सई’ उरले. ‘लिख्’ धातूपासून आपले ‘लिहिणे’ आले, तेही ‘ख’च्या याच बदलातून. जात्यावरच्या ओव्यांत ‘सये’, ‘सयांनो’ अशी जी हाक ऐकू येते, ती याच शब्दाची.

‘साई’चे मूळ ‘स्वामी’ या शब्दात आहे, तर स्वाक्षरी या अर्थाची ‘सही’ अरबी ‘सहीह’ म्हणजे ‘बरोबर, खरे’ या शब्दापासून फारसीमार्गे आपल्या दप्तरांत आली. आणखी एक फसवे साम्य सांगण्याजोगे आहे. सातवाहन राजा हाल याने संकलित केलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत काव्यसंग्रहाला प्राकृतात ‘सत्तसई’ म्हणतात. तिथला ‘सई’ मात्र ‘शती’चा, म्हणजे शंभराचा. गंमत अशी, की त्याच गाथांमधल्या नायिका आपल्या मैत्रिणींना ‘सहि’ म्हणून साद घालतात!

नाव म्हणूनही ‘सई’ नवे नाही. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई या फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातल्या; १६५९ मध्ये राजगडावर त्यांचे निधन झाले. त्यांच्या एका कन्येचे नाव सखूबाई होते आणि तिला फलटणच्याच निंबाळकरांकडे दिले होते. मायलेकींच्या नावांत एकच शब्द आहे; आईच्या नावात तो प्राकृतातून झिजून आलेला, तर लेकीच्या नावात मूळचा ‘ख’ टिकून आहे. आजच्या मुलींच्या नावांतून ‘बाई’ गेले आणि नुसते ‘सई’ राहिले, ते आम्हाला तरी ऐकायला अधिक गोड वाटते.

व्याह्यांचा घोटाळा मात्र समजण्यासारखा आहे, कारण इंग्रजी लिपीत ‘सई’ आणि ‘साई’ बहुधा सारखेच लिहिले जातात. म्हणून जन्मनोंदणीच्या अर्जात देवनागरी नाव स्वच्छ अक्षरात लिहावे आणि दाखला हाती येताच ‘स’ला काना लागलेला नाही ना, हे तपासून घ्यावे.